थर्मासबायचा दवाखाना

माझ्या आईचे दोन्ही पाय आज जमिनीवर आहेत ते थर्मासबायमुळे. हे आधीच लिहून टाकतो. पुढचं लिहिताना मी भलतीकडे जाईन, मध्येच उठून फोन बघून येईन, कदाचित अर्ध्यावर सोडूनही देईन. तेव्हा निदान एवढं तरी कागदावर राहावं.

थर्मासबाय म्हणजे आमच्या वाडीतल्या सरकारी दवाखान्याची नर्स. तिचं खरं नाव व्हरांड्यातल्या पाटीवर रंगवलेलं होतं, पण ती पाटी औषध घ्यायला आलेल्या माणसाच्या पाठीमागे यायची, त्यामुळे ते कोणी वाचलं नाही. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे उंडीचं झाड. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. बाकीचे दिवस सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत तिथे दोघंच असत, बाय आणि तिचा थर्मास. स्टीलचा, बुडाशी चेपलेला, झाकण हरवू नये म्हणून दोऱ्याने कानाला बांधलेलं. नव्या माणसाला वाटे, बायला चहाचं भारी वेड दिसतंय. त्यात चहा कधीच नसे. नुसतं पाणी, आणि तेही हात पोळेल इतकं गरम.

आमच्यासारख्या मासेमारीच्या गावात दुखणीही समुद्रातूनच येतात. कोणाच्या तळहातात गळ रुतलेला, कोणाचा पाय कालवाच्या शिंपीवर चिरलेला, कोणाला पाकटाने शेपटीचा काटा मारलेला. शिंगाळ्याचा, त्या मिशावाल्या माशाचा, काटा लागलेला माणूस तुम्ही पाहिला असेल तर सांगायला नको. चार माणसांना उचलून फेकणारा गडी वाळूत लोळतो आणि आईच्या नावाने ओरडतो. त्यावर पहिला उपाय म्हणजे सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो हात किंवा पाय बुडवून बसणं. पण चूल पेटून पाणी तापेपर्यंत माणसाचा जीव कासावीस होतो. म्हणून बाय सकाळी आली की आधी स्टोव्ह पेटवी, थर्मास भरी आणि मगच औषधांच्या कपाटांची कुलपं उघडी. पाणी बादलीत ओतलं की स्वतःचं कोपर बुडवून बघायची. चटका बसला तर म्हणायची, "थांब, माका सोसूक नाय, तुका खंयसून सोसतला?" तिच्या डाव्या कोपराची कातडी कायम लालसर असायची.

ती कसालकडची. घाटाच्या बाजूची नसली तरी हायवेवरची, समुद्र तिला लांबूनच माहीत. पहिल्या वर्षी माशांचा वास आला की नाकाला पदर लावायची, असं आई सांगते. पण काटा कोणत्या माशाचा, हे कळल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. माणूस कण्हत आत आला की तिचा पहिला प्रश्न, "कोणी मारल्यान?" ऐकणाऱ्याला वाटावं, भांडण झालंय. मासा ओळखता येत नसे म्हणून ती सांगायची, तो इकडे आणून दाखवा. मग लोक जखमेबरोबर मासाही आणू लागले. टेबलावर कापूस, आयोडीन आणि शेजारी डोळे वटारलेला शिंगाळा. जाताना माणसं तो तिथेच सोडून जात, बायला भेट म्हणून. ती मागून ओरडायची, "रे, ह्या आरोपीक घरी न्हे! माझो सोमवार आसा!"

पहिल्या वर्षी तिला सगळे "तुमी" म्हणत. वाडीतल्या निम्म्या लोकांचे हातपाय तिच्या बादलीतून निघाल्यावर ती "तू" झाली. आमच्याकडे हा मान मागून मिळत नाही.

तिचं एक वाक्य सगळ्या वाडीला पाठ होतं. "आदी धू, मगे रड." पोर गुडघा फोडून आलं तरी हेच, बाबी तांडेलासारखा साठीचा माणूस गळ रुतवून आला तरी हेच. बाबी तांडेल आमच्या शेजारचा, ज्याच्या होडीवर मी आठवीतून शाळा सोडल्यावर गेलो. तो एकदा चिडून म्हणाला, "बाय, मी रडतंय खंय?" बाय म्हणाली, "रडूक नाय अजून. धुवन झाला की रडतलंस, माका म्हायत आसा." आणि आयोडीन लागल्यावर तो खरंच रडला.

मी तिच्याकडे पहिल्यांदा नीट गेलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. रापणीच्या मोठ्या जाळ्याचा दोर ओढताना गुडघाभर पाण्यात पाकटावर पाय पडला. दोघांनी उचलून आणलं. पाय बादलीत. एक तास तसंच बसायचं, पाणी निवलं की वरून ओतायचं. मी ओठ चावून बसलो होतो. बायने एक शंभर पानी वही आणि पेन माझ्या मांडीवर टाकलं. "लिव, काय झाला ता."

मी म्हटलं, "माका लिवक येणा नाय." येत होतं, पण पाच वर्षांत लिहिलं नव्हतं. सहीसुद्धा घाईघाईत गिरवायचो.

"मगे बरा. तास आसा तुझ्याकडे. येतला."

मी तीन ओळी लिहिल्या. त्या लिहिताना मला घाम फुटला होता, पाकटापेक्षा जास्त. बायने चष्मा लावून त्या मोठ्याने वाचल्या, एकही चूक काढली नाही, फक्त विचारलं, "दोर तुटलो काय सुटलो? ता लिवलंस नाय." मी पुन्हा वही ओढली. तेवढ्यात अर्धा तास गेला, हे मला नंतर कळलं. बादलीत पाय असलेल्या प्रत्येकाला ती असं लिहायला लावायची. ज्याला अक्षर येत नाही त्याला मासा काढायला सांगायची. त्या वहीत आमच्या वाडीतल्या लोकांची अक्षरं आहेत, वाकडीतिकडी, आणि मध्येमध्ये मिशा असलेले शिंगाळे. आज हे मी लिहितोय ते त्या बादलीत पाय घालून शिकलेलं लिहिणं आहे. चुकलं तर समजून घ्या.

आता जे सांगायचं ते सांगतो. उठून पाणी पिऊन आलो, तरी ते जागच्या जागी आहे.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडावर वरच्या ऑफिसातून दवाखान्याला पत्र आलं, की चार दिवस एक प्रतिनिधी पाहणीसाठी येईल. बायने ते पत्र व्हरांड्यात मोठ्याने वाचून दाखवलं. पाहणी म्हणजे काय, हे त्यात लिहिलं नव्हतं. आम्ही ठरवून टाकलं की पाहणी म्हणजे तपासणी. बायची तपासणी. आणि आपल्या बायला खाली बघायला लागता कामा नये.

तेव्हा मी घरीच होतो. ओमानला बर्फाच्या कारखान्यात काम ठरलं होतं, व्हिसाची वाट बघत बसलो होतो आणि हातापायांना स्वस्थता नव्हती. मीच पुढे झालो. व्हरांड्याला चुना मारला. उंडीवर वाळत टाकलेली जाळी उतरवली. आरोपींच्या आशेने येणाऱ्या मांजरांना पलीकडच्या वाडीत सोडून आलो. घरी मुलगी बघायला पाहुणे येणार असले की पोरांना शेजारी पाठवतात, ओटीवरची टोपली आत जाते, सर्दी झालेल्या माणसाला मागच्या दारी बसवतात. तसंच आम्ही दवाखान्याचं केलं. शेवटी मी दारोदार फिरलो. प्रत्येक घरी सांगितलं, "चार दिवस कोणी दवाखान्यात जावचा नाय. सायब येतले. माशांचो वास, रक्त, आराडणा, कायच नको. बायचो दवाखानो आरश्यासारखो दिसाक व्हयो."

लोकांनी ऐकलं. आमच्या वाडीत पाणीपट्टीवरून दोन गट आहेत, पण ह्या एका गोष्टीवर दोन्ही गटांनी मान डोलावली.

आमच्या घरी आईचा पाय होता. आई मासे विकते. आठवड्यापूर्वी होडीतून माशांची पाटी उतरवताना कालवाच्या शिंपीने तिचा उजवा पाय करंगळीखाली कापला होता. तिला साखरेचा आजार. बाय एक दिवसाआड पट्टी बदलायची आणि दरवेळी बजावायची, "गो, ह्यो पाय सुको ठेव आणि माका दाखवल्याशिवाय रव नको." मी आईला म्हटलं, "चारच दिवस आसत." आई म्हणाली, "मी कित्याक जातंय? माझ्या अंगाक माशांचो वास." ती माझ्यापेक्षा लवकर तयार झाली. पण सांगणारा मी होतो.

पाहणीला आलेला माणूस तरुण होता. पांढरा शर्ट, पाठीला पिशवी, हातात फॉर्मची पुठ्ठ्याला लावलेली चळत. तो उंडीखाली खुर्ची टाकून बसला. बायने त्याला चहा दिला. दवाखाना इतका स्वच्छ होता की त्यात माणूस शोभला नसता, आणि माणूस नव्हताच.

बाय पहिल्या दिवशी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी बाबी तांडेल समोरून गेला. त्याच्या उजव्या तळहातात सकाळीच गळ घुसला होता. घरीच पकडीने काढला होता आणि हात टॉवेलात गुंडाळून पाठीमागे धरला होता. बायने हाक मारली, "रे बाबी, हात खंय तुझो?"

"हात? आसा मा, बाय. दोनय आसत."

"दाखय बघया."

"मगे दाखयतंय. बरो आसंय मी. एकदम बरो!" आणि तो चालत नाही, जवळजवळ पळत गेला. मी कुंपणाआड उभा राहून हसू दाबत होतो. हे हसणं मला आता रोज आठवतं.

चौथ्या दिवशी मी त्या माणसासाठी शहाळं काढून नेलं. ऑफिसच्या माणसाशी बोलायचं म्हणून शुद्ध मराठीत विचारलं, "साहेब, सगळं ठीक आहे ना?"

त्याने पिशवी भरता भरता मान वर केली. "उत्तम. तुमचा गाव फारच निरोगी आहे."

मी धावत बंदरावर गेलो आणि सगळ्यांना ते वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. लोक हसले. कोणीतरी शिट्टी मारली. बाबी तांडेलने सुजलेला हात वर करून दाखवला. आम्ही जिंकलो होतो.

आठवड्याने माझा व्हिसा आला. निघताना मी बायच्या पाया पडलो. तिने मला एक लहान थर्मास दिला, नवा, अजून प्लास्टिकच्या पिशवीतला. "थंय पण मासेच आसत मा? मगे व्हयो पडतलो." ती काही बोलायच्या बेतात होती, मग म्हणाली, "जा, गाडी चुकतली."

इथे ओमानला येऊन महिना झाला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत फोनवर एक फोटो आला. दवाखान्याच्या दारावर चिकटवलेली नोटीस. मी हळू वाचतो, तीन वेळा वाचली. पाहणीत रुग्णसंख्या अत्यल्प आढळल्याने दवाखाना यापुढे फक्त सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत उघडा राहील. बाकीचे तीन दिवस बायने डोंगरावरच्या दुसऱ्या दवाखान्यात जायचं.

तो माणूस चुना बघायला आला नव्हता. तो डोकी मोजायला आला होता. चार दिवसांत त्याच्या फॉर्मवर दोन डोकी भरली, तीही वाट चुकलेल्या दोन पर्यटकांची.

मी ताट तसंच ठेवून उठलो. मागे बर्फाच्या लाद्या यंत्रातून धाडधाड पडत होत्या. आईची जखम अजून भरली नव्हती, आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता, वेळेचा. होड्या लागतात सकाळी सात-आठला. लिलाव होतो. आई पाटी डोक्यावर घेऊन दोन वाड्या फिरते, ती घरी येते अडीचला. तीन वाजता ती दवाखान्यात जाणार. एकला कुलूप.

त्या दिवसापासून मी रोज फोन करायचो. "पाय कसो आसा?" आई म्हणायची, "बरा आसा." मी विचारायचो, "पट्टी केलंस?" ती म्हणायची, "केलंय." केली होती, जुन्या लुगड्याच्या चिंधीची, हळद घालून. ते मला कोणी सांगितलं नाही. बायलाही ती पाय बरा असल्याचाच निरोप धाडायची. माझं मन मात्र इथे जागेवर नसायचं. लादी उचलताना दोनदा हातातून सुटली, फोरमनने शिव्या घातल्या. आईचा आवाज मी कान देऊन ऐकायचो, त्यात काही दडलंय का म्हणून. बाबी तांडेलला विचारलं तर तो म्हणाला, "चलता मा ती." चालत होती. लंगडत चालत होती, हे त्याला सांगण्यासारखं वाटलं नाही, आमच्याकडे लंगडणं म्हणजे चालणंच.

पुढचं मला आईने नंतर सांगितलं. एका मंगळवारी बाय डोंगरावरचा दवाखाना आटोपून एसटीने परत येत होती. खिडकीतून तिला माझी आई दिसली, डोक्यावर पाटी आणि उजवा पाय टाचेवर टेकवत चाललेली. बायने स्टॉप नसताना गाडी थांबवायला लावली. "कंडक्टर बोंबलत होतो," आई सांगते, "बाय उतारली ती उतारलीच." तिने आईला रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसवलं, पाटी स्वतःच्या हाताने खाली घेतली आणि चिंधी सोडली.

करंगळी काळी पडली होती.

बायने नाकाला पदरही लावला नाही, असं आई म्हणते. मागून येणाऱ्या टेम्पोला हात केला, मासे तसेच रस्त्यावर ठेवले आणि आईला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी करंगळी काढली. म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर पाय काढावा लागला असता. मला हे कळलं तेव्हा करंगळी जाऊन दोन दिवस झाले होते. बायनेच फोन केला. "विजू, आदी बस खंयतरी. बसलंस? आवस बरी आसा. आता आयक."

त्यानंतर अडीच महिने बाय रोज साडेचारला आमच्या घरी आली. सोमवार असो की मंगळवार, इकडचा दवाखाना असो की डोंगरावरचा. ह्यासाठी तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारणारही नव्हतं. पिशवीत पट्ट्या, हातात थर्मास. आई म्हणायची, "बाय, जखमेक गरम पाणी नाय मा लागत?" बाय म्हणायची, "तुझ्यासाठी नाय गो. वाटेत कोणाक शिंगाळो मारल्यान तर?" आणि तसे भेटायचेही. बाकीच्या दिवशी कुलूप असल्यामुळे लोक आता आमच्या मागच्या दारी तिची वाट बघत बसू लागले. आमची न्हाणी दवाखाना झाली.

साडेचार म्हणजे इथले तीन. मला तेव्हा पंधरा मिनिटांची सुट्टी असते. बाय फोन आईच्या पायासमोर धरायची. पहिल्या दिवशी मी तोंड फिरवलं. ती ओरडली, "मेल्या, हयसर बघ. भिया नको. लाल दिसता मा? लाल म्हणजे बरा. काळा नको, पिवळा नको. लाल व्हया." मग मी बघायला शिकलो. कारखान्याच्या भिंतीला टेकून, हातमोजे काखेत धरून, रोज आईच्या पायातला लाल रंग शोधायचो. आमच्या फोरमनला वाटायचं, ह्या माणसाचं कुठेतरी लग्न जमतंय.

एके दिवशी मला राहवलं नाही. जखम चांगली भरत होती, बाय खुशीत होती, आई आत चहा ठेवायला स्वतःच्या पायांनी गेली होती. मी म्हटलं, "बाय, ता माझ्यामुळा झाला. चार दिवस लोकांका मी अडवलंय. दारोदार फिरलंय. आवशीक पण मीच थांबवलंय." बाप्या माणूस, बर्फाच्या ढिगाजवळ उभा राहून रडत होतो.

मग बायचा आवाज, अगदी दवाखान्यातल्यासारखा. "हात धुतलंस?"

"काय?"

"कामावरसून इलंस मा? हात घाण आसत. तेच डोळ्यांक लावतंस. आदी धू, मगे रड."

मी खरंच गेलो. नळावर हात धुतले, तोंड धुतलं, परत आलो. ती फोन धरून थांबली होती.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "बाबी हात पाठीमागे धरून गेलो, तेव्हाच कळला. इतकी माणसा माझ्यासाठी आपला दुखणा लपयत होती. कोणाक राग येतलो, सांग."

"मगे त्या माणसाक सांगलंस कित्याक नाय?"

"तो मोजता, ता माका तरी खंय म्हायत होता? कागदावर काय लिवतंस, असा इचारूक व्हया होता. रोज माझ्यासमोर बसलेलो. मी पण त्येका चाय देत रवलंय, नि बरा वाटत होता माका, दवाखानो कसो चकाचक दिसता म्हणान." मग स्वतःच म्हणाली, "राग इलो. रोज येता. एक वाजता कुलूप लावताना येता. समोरसून कोणतरी येत असता, नि माका कुलूप लावचा लागता."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि तिने विचारलं, काय चाललंय तुमचं. बाय म्हणाली, "काय नाय गो. तुझो झील हात धुवक शिकता."

आईचा पाय भरला. चार बोटांचा आहे, पण भरला. ती आता पाटी घेऊन फिरत नाही. बंदरावर बसून विकते आणि लिलावात सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडते. माझ्या थर्मासमध्ये मी रोज गरम पाणी भरून कपाटात ठेवतो. गेल्या पावसाळ्यात इथे मासे निवडणाऱ्या एका बंगाली माणसाला काटा लागला तेव्हा तोच कामी आला. पाणी बादलीत ओतलं आणि माझं कोपर आपोआप आत गेलं. तो कण्हत होता, मी त्याच्या मांडीवर पुठ्ठा आणि पेन टाकलं. त्याने त्याच्या लिपीत काहीतरी भरभरून लिहिलं. मला वाचता आलं नाही. मी तो पुठ्ठा ठेवलाय, बायला दाखवायला.

दवाखान्याच्या वेळा अजून त्याच आहेत. वाडीने अर्ज दिले. बायने ती शंभर पानी वहीही ऑफिसात नेऊन दाखवली, शिंगाळ्यांच्या चित्रांसकट. तिथे म्हणाले, ही सरकारी नोंदवही नाही. पण शेवटी एवढं मान्य झालं, की येत्या फेब्रुवारीत पुन्हा सहा दिवस मोजणी होईल. आकडा भरला तर पूर्ण वेळ. नाही तर आहेत तेही तीन दिवस जातील.

बाय मे महिन्यात निवृत्त होते. मी तिला म्हटलं, "मगे तुका काय? तू तर जातलंस." ती चिडली. फोनवरसुद्धा कळलं. "माझ्या मागसून जी येतली, तिच्या हातात काय कुलूप दितलंय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "सगळ्यांका सांग. खोकलो असलो तरी येवा. नखुरडा असला तरी येवा. नि आरोपीक घेवनच येवा."

झोपेतून दचकून उठावं तशी दर थोड्या वेळाने मला एकच भीती वाटते. फेब्रुवारीत मसुऱ्याला आंगणेवाडीची जत्रा. तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते, अजून ठरलेली नाही. मोजणीचे दिवस नेमके तेच आले तर अर्धी वाडी तिकडे असेल आणि उंडीखाली पुन्हा तो पांढरा शर्ट रिकाम्या व्हरांड्याकडे बघत बसेल. रजेचा अर्ज मी दिलाय. फोरमन म्हणतो, बघू. मी रोज विचारतो, तो रोज म्हणतो, बघू. रजा नाही मिळाली तर काय, याचा मी विचार करत नाही. म्हणजे करतो, तोच करतो.

पण येणार. बाय, हे तू वाचशील तेव्हा चष्मा लावून मोठ्याने वाच, आणि कुठे काय राहिलं ते विचार. मी येतलंय. ज्या ज्या दारात उभा राहून मी "जाऊ नका" म्हटलं होतं, त्या प्रत्येक दारात पुन्हा उभा राहीन. व्हरांड्याला चुना मारणार नाही. मांजरांना परत बोलावीन. बाबी तांडेलचा हात टॉवेलातून बाहेर काढायला लावीन, त्यावरचा जुना वण दाखवायला का होईना. लिलाव तासभर थांबवीन, मग बंदरावर मला कोणी काही म्हणो. आणि उंडीपासून बंदरापर्यंत जी रांग लागेल, तिच्या सगळ्यांत पुढे माझी आई असेल, माशांच्या वासाची, स्वतःच्या पायांनी चालत आलेली.